भाच्याची गाडी मांजरसुंब्याच्या घाटात

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे प्लग-इन हायब्रिड गाडी आहे. रात्री मोबाइलसारखी चार्जिंगला लावतो आणि म्हणतो, ‘मामा, दीड महिना झाला, पेट्रोल पंपाचं तोंड पाहिलं नाही.’ मी पाटोद्यात राहतो आणि बीडला शाळेवर आहे. एका बाजूनं पन्नास-एक किलोमीटर, मधे मांजरसुंब्याचा घाट. ही गाडी आपल्या रस्त्यावर नुसत्या विजेवर किती धावेल? जास्तीत जास्त धावावी म्हणून काय करायचं? शेजारी सांगतात, घाटात बॅटरी बसते. ते खरं का? आणि आपल्याकडे जिला हायब्रिड म्हणतात ती हीच गाडी का?
— एक शिक्षक, पाटोदा

उत्तर : सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गल्लत तिथंच होते. आपल्या रस्त्यावर मागच्या बाजूला ‘हायब्रिड’ लिहिलेल्या ज्या गाड्या दिसतात, इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, हायरायडर, त्यांना चार्जिंगची वायर लावायला जागाच नसते. त्यांच्या पोटातली बॅटरी पाऊण-दीड युनिटाची. ती भरायचं काम इंजिन आणि ब्रेक करतात, घरातला बोर्ड नाही. अशी गाडी विजेवर धावते ती थोडं थोडं, गर्दीत आणि उतारावर. शेवटी तिचं सगळं पोट पेट्रोलवरच.

भाच्याची गाडी तिची सख्खी बहीण असली तरी वळण वेगळं. तिच्यात इंजिन आहे, पेट्रोलची टाकी आहे आणि शिवाय रात्री बोर्डाला लावून भरायची मोठी बॅटरी आहे. आधी ही वीज संपवायची, ती संपली की पेट्रोल. पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली अशी गाडी चीनमधल्या बीवायडी कंपनीनं २००८ च्या डिसेंबरात आणली. दोन वर्षांनी अमेरिकेत शेव्हरोलेची व्होल्ट आली. भारतातही अशा गाड्या आल्या आहेत. व्होल्वोची एक्ससी ९० टी ८ २०१६ मध्ये आली, बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२ च्या शेवटी. पण आतापर्यंत इथं विकल्या गेलेल्या बहुतेक प्लग-इन गाड्या कोटीच्या आणि त्यापुढच्या. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नुसत्या विजेवरच्या गाडीला ५ टक्के जीएसटी आणि चार मीटरहून लांब हायब्रिडला ४० टक्के. त्यामुळे मास्तरच्या पगारात बसणारी प्लग-इन गाडी उद्या दारात येईल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. तरीही तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कारण त्याचं उत्तर आज बीड जिल्ह्यात धावणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीला जसंच्या तसं लागू आहे.

आधी तिच्या पोटात किती आहे ते बघू. भाच्याची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून टोयोटाच्या प्रियस प्लग-इनचं २०२३ पासूनचं मॉडेल धरू. बॅटरी १३.६ युनिटांची. युनिट म्हणजे तुमच्या लाइटबिलावर असतं तेच. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ही अख्खी बॅटरी, जिचं वजन उचलायला दोन-तीन गडी लागतील, ती दीड लिटर पेट्रोलएवढी. दीड लिटर! पाण्याच्या बाटलीहून थोडं जास्त. आणि तेवढ्यावर ही गाडी अमेरिकेच्या सरकारी चाचणीत ४४ मैल, म्हणजे ७० किलोमीटर जाते. पेट्रोलचं इंजिन लिटरातली निम्म्याहून कितीतरी जास्त ऊर्जा नुसती धूर आणि उष्णता करून सोडून देतं. मोटार शंभरातले ८५-९० भाग चाकापर्यंत पोचवते. म्हणून एवढ्याशा साठ्यावर एवढी मजल.

आपण दुष्काळी मुलखातली माणसं. साठा थोडा असला की तो कुठं वापरायचा आणि कुठं हात आखडायचा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. टँकर आठ दिवसांनी येणार असेल तर घरातली बाई पिण्याचा हंडा वेगळा झाकून ठेवते आणि भांड्याचं पाणी झाडाला घालते. प्लग-इन गाडीची वीज तशी वापरायची असते. बाकीचं सगळं त्याच्यातूनच निघतं.

आता घाट. शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मी ते स्वतः तपासलं. गेल्या मे महिन्यात एका मित्राच्या इलेक्ट्रिक गाडीत शेजारी बसून बीड ते मांजरसुंबा आणि परत असा फेरा केला, खिशातल्या डायरीत पडद्यावरचे टक्के लिहीत. गाडीची बॅटरी ३० युनिटांच्या आसपास. बीडहून निघालो तेव्हा ६४ टक्के. घाट सुरू झाला आणि आकडा असा उतरायला लागला की मित्राची बोटं स्टिअरिंगवर आवळली. एका वळणावर त्यानं एसी बंद केला, पुढच्या वळणावर गाणीही बंद केली. वर टपरीपाशी थांबलो तेव्हा ५१. वीस-एक किलोमीटरला तेरा टक्के. तिथंच डायरी मिटली असती तर मीही तुमच्या शेजाऱ्यांसारखंच सांगत फिरलो असतो.

चहा पिऊन खाली निघालो. मित्रानं ब्रेकवरचा पाय काढला आणि गिअरच्या दांड्यावरून मोटारीची ओढ वाढवून ठेवली. गाडी स्वतःहून अडत, रेटत उतरायला लागली. पडद्यावरची पट्टी हिरवी झाली. बीडच्या वेशीवर पोचलो तेव्हा ४६. येताना गेले पाच टक्के.

बेरीज करा. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, अठरा टक्के. तेवढंच अंतर सपाट रस्त्यावर कापलं असतं तर सतरा-साडेसतरा टक्के गेलेच असते. म्हणजे घाटानं दोन्ही वेळचं मिळून घेतलं ते जेमतेम एक टक्का. कारण सोपं आहे. गाडी आणि माणसं मिळून १,६०० किलो धरा आणि चढ २५० मीटरचा धरा. एवढं वजन एवढं वर न्यायला एका युनिटाहून थोडं जास्त लागतं, मोटारीतली घट धरून सव्वा युनिट. ते सव्वा युनिट जळून जात नाही, गाडीच्या उंचीत साठून राहतं. धरणाच्या भिंतीआड पाणी राहतं तसं. उतरताना मोटार उलट फिरून जनित्र होते आणि त्यातलं अर्ध्या-पाऊण युनिटापर्यंत बॅटरीत परत टाकते. शिवाय उतारावरचे चार-पाच किलोमीटर गाडी फुकट चालते, ते वेगळंच. पेट्रोल गाडी हेच सगळं ब्रेकच्या पट्ट्या तापवून वाऱ्यावर सोडते. घाटाच्या पायथ्याशी ट्रकच्या चाकांचा जो करपट वास येतो ना, तो वाया गेलेल्या चढाचा वास आहे.

पण भाच्याच्या गाडीत वापरायला मिळणारी वीज ११ युनिटांच्या आसपास. तिच्यात तेच सव्वा युनिट अकरा टक्के दिसेल. आकडा दचकवणारा, खर्च तेवढाच. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर उतारावरची वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते. काठोकाठ भरलेल्या रांजणात आणखी तांब्या ओतता येत नाही, तसं. पाटोद्याहून निघणाऱ्या तुम्हाला ही अडचण नाही, कारण घाट लागेपर्यंत बरीच वीज खर्च झालेली असते. मांजरसुंब्यातच घर असलेल्या माणसानं मात्र रात्री नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं. उतारावरच्या विजेला जागा राहील.

मग बॅटरी खरंच खातं कोण? वेग. आणि वेगामागे लपलेली हवा.

मी मध्यम आकाराच्या गाडीचा हिशेब कागदावर मांडला. सपाट रस्ता, वारा नाही, एसी चालू. ताशी ६० किलोमीटरनं गेलात तर १०० किलोमीटरला ११ युनिटं. ८० नं गेलात तर १३. आणि १०० नं गेलात तर १६. आता भाच्याच्या गाडीतली ११ युनिटं या आकड्यांत घाला. साठनं शंभर किलोमीटर, ऐंशीनं पंच्याऐंशीच्या जवळ, शंभरनं सत्तरच्याही आत. प्रत्यक्षात खड्डे, वळणं आणि थांबे धरून यातून दहा-पंधरा टक्के कमी करा. तरीही फरक बघा. गाडी तीच, बॅटरी तीच, रस्ता तोच, आणि नुसत्या उजव्या पायानं तीस किलोमीटर घालवले. वेग दुप्पट केला की हवेचा अडसर चौपट होतो, ही त्याची गोम. साठऐवजी ऐंशीनं गेल्यावर पन्नास किलोमीटरला वाचतात साडेबारा मिनिटं. शाळेला पहिल्या तासाला वेळेवर पोचायचं असेल तर साडेबारा मिनिटं लवकर निघणं हेच जास्त रेंज मिळवायचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. यापुढचं मी जे काही सांगेन ते या एका गोष्टीच्या निम्म्यानंही नाही.

हवेचं आणखी एक आहे, आणि ते खास तुमच्या रस्त्याचं. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथं वारा आहे, आणि जूनपासून ऑगस्टपर्यंत तो पश्चिमेकडून येतो. पाटोदा बीडच्या पश्चिमेला. म्हणजे पावसाळ्यात सकाळी शाळेत येताना तुम्हाला उतारही मिळतो आणि वारा पाठीशी असतो. संध्याकाळी परतताना चढही असतो आणि वारा छातीवर. समोरून ताशी २० चा वारा असताना ८० नं गाडी चालवली तर हवेच्या लेखी तुम्ही १०० नं चालला आहात. त्या दिवसांत मांजरसुंब्याच्या पुढं साठच्या वर जाऊ नका. सकाळी जे पाच-सात टक्के वाचवलेत ते वारा संध्याकाळी मागून घेणारच आहे. निदान त्याहून जास्त देऊ नका.

यातूनच चार्जिंगचं गणित सुटतं. तुमचा जाण्याचा प्रवास हलका, येण्याचा जड. पाटोद्यात रात्री भरून निघालात तर बीडला पोचताना बरीचशी वीज शिल्लक राहील. तिथं गाडी दिवसभर नुसती उभी असते. मुख्याध्यापकांशी बोला, रीतसर परवानगी घ्या, विजेचे पैसे शाळेकडे भरा, पण एक चांगला सोळा अँपिअरचा सॉकेट मिळवा. ताशी तीनेक युनिटं मिळाली तर रिकामी बॅटरीसुद्धा चार तासांत भरते, म्हणजे मधल्या सुट्टीनंतर थोड्याच वेळात. मग दिवसाचे शंभर किलोमीटर सगळेच्या सगळे विजेवर. भाच्याचा दीड महिना पेट्रोलशिवाय गेला तो गाडीच्या करामतीनं नाही. त्यानं रोज न चुकता वायर लावली म्हणून गेला.

हे मी जोर देऊन सांगतो, कारण जगभरात हेच केलं जात नाही. युरोपीय आयोगानं मार्च २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांतून गोळा केलेली खरी आकडेवारी मांडली. प्लग-इन हायब्रिड गाड्या कागदावर सांगितल्यापेक्षा सरासरी साडेतीनपट धूर सोडत होत्या. बिघाड गाडीत नव्हता. लोक त्या गृहीत धरल्यापेक्षा खूपच कमी वेळा चार्ज करत होते. कंपनीनं दिलेली गाडी आणि पेट्रोलचे पैसेही कंपनीचे, मग रात्री वायर कोण ओढत बसतो? न भरलेली प्लग-इन गाडी म्हणजे रिकाम्या पिंपाचं वजन पाठीवर घेऊन फिरणारं पेट्रोलचं इंजिन.

ऊन हा आपला दुसरा शत्रू, वेगानंतरचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी उघड्यावर उभी केलेली गाडी आतून भट्टी होते. ती थंड करायला एसी सुरुवातीला दोन-तीन किलोवॅट ओढतो, एकदा गार झाली की एकावर येतो. म्हणून गाडी लिंबाच्या सावलीत लावा, चिमण्यांनी काच खराब केली तरी चालेल. निघण्याआधी पाच मिनिटं, वायर लावलेली असतानाच एसी सुरू करा. ती वीज बोर्डाची जाते, बॅटरीची नाही. तसं नसेल जमत तर आधी चारही दारं उघडून वाफ जाऊ द्या. पण एसी बंद ठेवून, घामाघूम होऊन रेंज वाचवायच्या फंदात पडू नका. आमच्या मित्रानं घाटात एसी बंद करून फार तर अर्धा टक्का वाचवला आणि गाणीही गमावली. भाच्याच्या देशात अडचण उलटी असते. तिथं कडाक्याच्या थंडीत गाडी ऊबदार करायला वीज जाते, काही प्लग-इन गाड्यांचं इंजिन तर तेवढ्यासाठी आपोआप सुरू होतं. तेवढ्यापुरतं बीडचं हवामान भाच्याच्या हवामानापेक्षा बॅटरीला सोपं आहे. डिसेंबरात तुम्ही त्याच्यापुढे जाल.

टायरमधली हवा आठवड्याला एकदा, सकाळी गाडी थंड असताना बघा. दाराच्या चौकटीवर कंपनीनं जेवढे पौंड लिहिलेत तेवढी भरा. टपावरचं कॅरिअर रिकामं असेल तर काढून ठेवा. आणि चाकांबद्दल एक, कारण आपल्याकडे मोठ्या अलॉय व्हीलची हौस फार. त्याच प्रियसची वरची, १९ इंची चाकांची आवृत्ती घेतली की सरकारी आकडा ४४ मैलांवरून ३९ वर येतो. म्हणजे आठ किलोमीटर गेले. कंपनीनं जी लहान चाकं दिलीत तीच राहू द्या.

एक दिवस तुम्हाला छत्रपती संभाजीनगरला जावं लागेल. बीडहून सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, म्हणजे विजेच्या पल्ल्याबाहेर. आता इथं खरी कसोटी. बहुतेक जण काय करतात, निघाल्यापासून विजेवर चालतात आणि पाडळसिंगी, गेवराई मागं टाकून पुढं कुठंतरी बॅटरी संपली की पेट्रोलवर येतात. मग संभाजीनगरात शिरताना बीड बायपासच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या त्या रांगेत, इंजिन धडधडत राहतं. याच्या उलट करा. बीड सोडून महामार्गाला लागलात की गाडीला सांगा, आहे ती वीज राखून ठेव. तसं बटण बहुतेक प्लग-इन गाड्यांत असतं. ऐंशीच्या एकसारख्या वेगावर पेट्रोलचं इंजिन सगळ्यात कमी उधळपट्टी करतं. ते तिथं चालू द्या. शहर जवळ आलं की वीज सोडा. गर्दीत इंजिन लिटरामागून लिटर वाया घालवतं आणि मोटार मात्र थांबली की काहीच खात नाही. बीडमध्ये सुभाष रोडवर, बार्शी नाक्यावर हेच. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं विसाच्या वेगानं रखडायची वेळ येते, तिथंही हेच. कुणी सांगेल, चालता चालता इंजिनानंच बॅटरी भरून घ्यायचं बटणही असतं. असतं, पण त्याला हात लावू नका. पेट्रोल जाळून वीज करायची, ती साठवायची आणि पुन्हा वापरायची, यात प्रत्येक पायरीला गळती आहे.

सर, एवढं सगळं चार-पाच युनिटांसाठी का करायचं, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, परळीला. तिथल्या औष्णिक विद्युत केंद्रात आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून त्यांना पाणी येतं. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती, पाणी नव्हतं. केंद्र सरकारनं २०१५ च्या डिसेंबरात अशा जुन्या केंद्रांना जी मर्यादा घालून दिली ती युनिटामागे साडेतीन लिटर पाण्याची. तुमच्या बोर्डात येणारी वीज परळीचीच असेल असं नाही, ती सगळ्या जाळ्यातून येते, पण तिचा मोठा वाटा अजून कोळशाचाच. तर १३ युनिटांचा शंभर किलोमीटरचा प्रवास म्हणजे पंचेचाळीस लिटर पाणी. तीन हंडे. आणि साठऐवजी शंभरनं गाडी पळवली तर शंभर किलोमीटरला एक हंडा वर. शिरूर, पाटोदा, आष्टीच्या ज्या बायकांनी उन्हाळ्यात टँकरमागे धावत हंडा भरला आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. माथ्यावरच्या पवनचक्कीच्या युनिटात मात्र पाण्याचा थेंब नाही. छतावरच्या सोलरच्या युनिटातही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. शाळेत सॉकेट मिळाला नाही आणि सगळं चार्जिंग घरीच केलं, तर गाडीमुळे तुमचं घरगुती बिल महिन्याला तीनशे-सव्वातीनशे युनिटांनी वाढून वरच्या दराच्या टप्प्यात जाणार, तेव्हा गाडीच्या आधी छताचा विचार करा.

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक गाडीची रेंज कंपनीनं सांगितली त्याच्या पाऊणपटसुद्धा मिळत नाही. ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, गेवराई

उत्तर : फसवणूक नाही, पण तो आकडा तुमच्या रस्त्याचा नव्हे. गाडीची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत रोलरवर उभी करून होते. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. तिथं घाट नाही, समोरचा वारा नाही, मेमधलं ऊन नाही. त्या ठरीव फेऱ्यात वेग ९० च्या वर जात नाही आणि सरासरी तर शहरातल्या रिक्षाएवढी. गेवराईहून महामार्गावर तुम्ही शंभरनं निघालात की त्या आकड्याशी तुमचा संबंध संपला. आता काही कंपन्या दुसरा आकडाही देतात. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिटांच्या बॅटरीला चाचणीत ४८९ किलोमीटर मिळतात आणि कंपनी स्वतःच सांगते, रस्त्यावर साडेतीनशेच्या थोडं पुढं धरा. गाडी घेताना हा दुसरा आकडा मागा. दिला नाही तर चाचणीच्या आकड्यातून तीस टक्के काढून टाका आणि मगच घर ते सोलापूर असं मनात मोजा.

प्रश्न : गाडीचा चार्जर घरच्या बोर्डाला लावला की लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. शोरूमला सगळं ठीक चालतं. चार्जर बदलायचा का?
— एक वाचक, माजलगाव तालुका

उत्तर : चार्जर बदलू नका, आधी अर्थिंग बघा. गाडीचा चार्जर वीज घ्यायच्या आधी अर्थिंग तपासतो आणि ते कच्चं असेल तर हट्टानं बसून राहतो. त्याचा हट्ट तुमच्या जिवासाठी आहे, कुणी तिसरी पिन मोडून किंवा अर्थिंगला न्यूट्रल जोडून तो चुकवायचा सल्ला दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. एक्स्टेंशन बोर्डही नको. मिक्सर दोन मिनिटं चालतो, चार्जर सहा-आठ तास सलग पूर्ण भार ओढतो. प्लॅस्टिक वितळून आग लागायला तेवढं पुरतं. मीटरपासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि चांगला सोळा अँपिअरचा सॉकेट, एवढं वायरमनकडून करून घ्या.

आमच्या ओळखीत एकाकडे असाच लाल दिवा होता. वायरमन आला, त्यानं बोर्डाला हातही लावला नाही. सरळ घराच्या मागं गेला आणि विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठाय? खड्डा सापडला, पण वरची काळी माती उन्हानं भेगाळून हात जाईल एवढी फाटली होती. आत कोळसा आणि मीठ कधीचं कोरडं पडलेलं. कोरडी माती वीज नेत नाही. त्यानं घरातल्या मुलीला पाणी आणायला सांगितलं. मे महिना, ती जरा थबकली, मग कपडे धुतल्यावर बाजूला ठेवलेली बादली घेऊन आली. पाणी खड्ड्यात ओतलं, दहा मिनिटं मुरू दिलं. पुन्हा चार्जर लावला. दिवा हिरवा झाला.